आधी दिवस मोजा, मग रंग निवडा : मराठवाड्यातल्या उन्हाळी बागेसाठी ग्लॅडिओलस

ग्लॅडिओलसच्या पाकिटावर बहुतेक वेळा ‘उन्हाळी फूल’ असं छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण तो उन्हाळा आपला नव्हे. थंड देशांत बर्फ वितळल्यावर हे कंद लावतात आणि जुलै-ऑगस्टात फुलं येतात. तिकडच्या भर उन्हाळ्याची हवा आपल्याकडे साधारण फेब्रुवारीत असते. परभणीत मी पहिल्यांदा कंद लावले ते १५ मार्चला, पाकिटावरच्या त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून. पानं छान आली, तलवारीसारखी ताठ. (नावही त्यावरूनच आहे, लॅटिनमध्ये ग्लॅडियस म्हणजे तलवार.) मेच्या दुसऱ्या आठवड्यात दांडे दिसायला लागले आणि बाहेर पडता पडताच करपले. वरच्या कळ्या वेष्टणातच कागदासारख्या वाळल्या. चाळीस कंदांतून धड उमललेले दांडे मोजायला एका हाताची बोटं पुरली.

त्या वर्षी रंग मी फार हौसेनं निवडले होते. दिवस मात्र मोजले नव्हते. म्हणून नव्यानं लावणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते की फोटो बघण्यापूर्वी कॅलेंडर उघडा.

जात म्हणजे रंग आणि दिवस

ग्लॅडिओलसच्या प्रत्येक जातीला लागवडीपासून फुलापर्यंत ठरावीक दिवस लागतात. हवा थंड असली तर काही दिवस वाढतात, तापली तर काही कमी होतात. पण जातीजातींमधला फरक महिनाभराचा असू शकतो, आणि मराठवाड्यात मार्चच्या सुरुवातीच्या आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या उन्हात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पारा चाळिशीला टेकला की दांडा आखूड राहतो, फुलं कमी भरतात आणि उमललेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. आपली उन्हाळी बाग म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर, फार तर एप्रिलचा पहिला आठवडा. त्या खिडकीत फूल बसवायचं आहे.

महाराष्ट्रात नेहमी मिळणाऱ्या आणि इथं लावण्यासारख्या जाती अशा :

सपना ही सगळ्यांत लवकरची, साधारण ५० दिवसांत येते. रंग पिवळसर पांढरा. दांडा फार उंच होत नाही, पण उशिरा जाग आलेल्या माणसाला हीच जात तारून नेते. फुले गणेश फिकट पिवळी, सुमारे ६५ दिवसांची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही जात आपल्या हवेला सरावलेली आहे. पहिल्याच वर्षी लावणाऱ्याला मी एकच जात सुचवायची झाली तर हीच सुचवीन. सुचित्रा फिकट गुलाबी आणि ट्रॉपिक सी निळसर जांभळी, दोन्ही पंचाहत्तरीच्या आसपास. मग ८० दिवसांचा मोठा गट येतो : व्हाइट प्रॉस्पेरिटी पांढरी, फुले प्रेरणा फिकट गुलाबी, नजराणा गडद गुलाबी, हंटिंग साँग केशरी, यलो स्टोन पिवळी. पुसा सुहागिन लाल आहे आणि तिला ८५ दिवस लागतात.

याशिवाय दुकानांत अमेरिकन ब्युटी (गडद गुलाबी), प्रिसिला (पांढरी पाकळी, गुलाबी कड, आत पिवळा गळा), जेस्टर (पिवळ्यात लाल ठिपका), पीटर पिअर्स (शेंदरीकडे झुकणारा केशरी), हर मॅजेस्टी (जांभळा) अशी नावं दिसतील. घ्यायला हरकत नाही, फक्त विकणाऱ्याला ‘किती दिवसांची?’ हे विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याला सांगता आलं नाही तर ८० ते ९० दिवस धरून चाला आणि डिसेंबरातच लावून टाका.

‘मिक्स कलर’चं पाकीट मात्र नव्या माणसानं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्यात ५० दिवसांचा आणि ८५ दिवसांचा कंद शेजारी शेजारी जातो. एक फुलून वाळतो तेव्हा दुसरा पानांतच असतो. पाणी कोणाच्या मानानं द्यायचं ते कळत नाही, आणि चार वेगळ्या रंगांचे चार सुटे दांडे वाफ्यात हरवून जातात.

एकाच दिवशी लावायचं की टप्प्यानं?

तुम्हाला महिनाभर थोडी थोडी फुलं हवीत की एकदम बहर हवा, ते आधी ठरवा.

महिनाभर हवी असतील तर तीन गटांतल्या जाती एकाच दिवशी लावा. १ जानेवारीला सपना, फुले गणेश आणि व्हाइट प्रॉस्पेरिटी लावली तर सपना २० फेब्रुवारीच्या सुमारास, फुले गणेश मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि व्हाइट प्रॉस्पेरिटी २२ मार्चच्या आगेमागे उमलू लागते. एका दांड्यावर खालून वर रोज एक-दोन फुलं उघडतात, त्यामुळे एक दांडा आठवडाभर बघण्यासारखा राहतो. एक जात संपता संपता दुसरी सुरू होते.

एकदम बहर हवा असेल, घरात लग्न आहे किंवा पाडव्याला दारात फुलं हवी आहेत, तर उलटं करायचं. जास्त दिवसांची जात आधी, कमी दिवसांची शेवटी. ८० दिवसांच्या जाती २५ डिसेंबरला, फुले गणेश १० जानेवारीला आणि सपना २५ जानेवारीला लावली की तिन्ही १५ मार्चच्या सुमारास एकत्र येतात. पाडवा पुढं असेल तर तेवढे दिवस सगळंच पुढं सरकवा. फक्त तो एप्रिलात गेला असेल त्या वर्षी हा हट्ट धरू नका, किंवा निम्मेच कंद त्यासाठी ठेवा.

पाडव्यासाठी पुढं सरकवलेली लागवड सोडली, तर जानेवारी संपली की थांबायचं. फेब्रुवारीत कंद स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

रंग कोणते, आणि का

मराठवाड्यात मार्चची बाग आपण केव्हा बघतो, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. सकाळी सडा घालताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात खुर्च्या टाकल्यावर. मधल्या वेळी दारं-खिडक्या लावून सगळे आत. संध्याकाळच्या त्या तासाला लाल आणि गडद जांभळा रंग अंधारात विरून जातो, तर पांढरा, फिकट पिवळा आणि फिकट गुलाबी शेवटपर्यंत उजळ दिसतो. आमच्या अंगणात एका बाजूला पुसा सुहागिन आणि दुसऱ्या बाजूला व्हाइट प्रॉस्पेरिटी होती त्या वर्षी, सातनंतर येणारा प्रत्येक पाहुणा पांढऱ्याकडेच वळायचा. लाल फुलं तिथंच होती, पण कोणाला दिसायचीच नाहीत.

दुसरं कारण उन्हाचं. गडद पाकळी ऊन जास्त शोषते आणि तिच्या कडा लवकर करपतात. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पांढुरक्या रेषाही गडद पाकळीवर लगेच नजरेत भरतात. म्हणून उन्हाळी वाफ्यात दोन हिस्से फिकट रंग आणि एक हिस्सा गडद, असा माझा हिशोब आहे. गडद रंग घराच्या पूर्वेला लावा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल.

रंग शेजारी ठेवताना फार डोकं चालवायची गरज नाही. पिवळ्याशेजारी केशरी, पांढऱ्याशेजारी जांभळा, फिकट गुलाबीशेजारी गडद गुलाबी. एका रंगाचे किमान सात-आठ कंद एका घोळक्यात लावा. एका कंदातून बहुधा एकच दांडा येतो, त्यामुळे दोन-तीन कंदांनी रंग उठून दिसत नाही.

कंद हातात घेऊन बघा

ऑनलाइन मागवलेत तरी डबा उघडल्यावर प्रत्येक कंद तपासा. वरचं तपकिरी टरफल अलगद सोला. ते कांद्याच्या टरफलासारखंच कुरकुरीत असतं. आत कंद घट्ट, गुळगुळीत आणि फिकट हवा. अंगठ्यानं दाबून बघा, कुठंही मऊ लागता कामा नये. खोलगट, तांबूस-काळपट डाग दिसला तर तो कंद बाजूला काढा, कारण तीच कंदकूज पुढं वाफाभर पसरते.

मग आकार बघा. ४ ते ५ सेंटिमीटर व्यास पुरेसा. नवी माणसं मोठा, पसरट कंद पाहून खूश होतात. पण दोन सारख्या रुंदीच्या कंदांतला उंच, फुगीर कंद घ्या, चपटा नको. कंद उलटा करून बुडाची गोल खूण बघा. ती लहान असेल तर कंद तरुण आहे. चपट्या कंदाची खूण मोठी असते, तो म्हातारा असतो आणि दांडा बारीक देतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वरचा डोळा. ग्लॅडिओलसचा कंद काढल्यावर दोन-तीन महिने झोपतो. त्या झोपेत लावला तर महिना महिना उगवत नाही आणि आपलं सगळं दिवसांचं गणित कोलमडतं. डोळा फुगून पांढरट टोक दिसत असेल, किंवा बुडाशी मुळांचे बारीक दाणे उठले असतील, तर कंद जागा झाला आहे. विकणाऱ्याला विचारा की हे कंद शीतगृहात होते का. थंडाव्यात ठेवलेले कंद एकसारखे उगवतात.

लावण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पाण्यात मिसळून त्यात कंद अर्धा तास बुडवा आणि सावलीत सुकवा. हातमोजे घाला. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून वाफ्यात घाला. दोन्ही एकत्र करू नका, कारण हे बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं.

वाफा

आपली काळी माती या कंदाला एका अर्थी चांगली आहे, ओल धरते. पण पाणी तुंबलं की कंद सडतो आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. त्यामुळे सपाट जमिनीत लावू नका. १० फूट लांब, २ फूट रुंद आणि ६ ते ८ इंच उंच गादीवाफा करा. त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि माती फार चिकट असेल तर दोन-तीन घमेली रेती मिसळा. ताजं शेण अजिबात घालू नका. गोदाकाठची मळईची, म्हणजे गाळाची जमीन असेल तर रेतीची गरज नाही.

या वाफ्यात तीन ओळी बसतात. दोन ओळींत ८ इंच आणि दोन कंदांत ६ इंच ठेवलं की ६० कंद मावतात. डोळा वर करून ३ इंच खोल लावा. उथळ लावलेला कंद तापतो आणि दांडा पुढं वाऱ्यानं कलतो. लावल्यावर वरून सोयाबीनचं भुसकट दोन बोटं जाड पसरा. लातूर-परभणीकडे ते सहज मिळतं आणि ओल टिकवायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. वाळवी दिसली तर मात्र थर पातळ करा.

पोटरी ओळखा

लागवडीनंतर दहा-पंधरा दिवसांत कोंब वर येतात. दोन पानांवर, चार पानांवर आणि सहा पानांवर असं तीनदा, वाफ्याला प्रत्येक वेळी २५ ते ३० ग्रॅम युरिया ओळींच्या मधे देऊन पाणी सोडा. जास्त दिलात तर पानं माजतात आणि दांडा मऊ पडतो. नवी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसते. लिटरला ३ ग्रॅम फेरस सल्फेट, उन्हं उतरल्यावर फवारा.

पाण्याचं तारखेनं ठरवू नका. भुसकट बाजूला सारून बोट मातीत घाला, दोन पेरांखाली कोरडं लागलं की द्या. जानेवारीत ते सहा-सात दिवसांनी येतं, मार्चमध्ये दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

पण एक काळ असा आहे की त्यात बोट घालून बघायचीही वाट पाहू नये. ज्वारी पोटरीत येते, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पानांच्या आत फुगतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. ग्लॅडिओलसही तसाच पोटरीत येतो. पाच-सहा पानं झाली की मधल्या पानांच्या बेचक्यात खाली हात लावून बघा. आतापर्यंत चपटा लागणारा बुंधा आता गोलसर, भरीव लागतो. दोन बोटांत हलकेच दाबलं की आत बोटाएवढी जाड काडी असल्यासारखं जाणवतं. तोच दांडा. त्या दिवसापासून पहिलं फूल उघडेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, वाफा सुकू द्यायचा नाही. या दिवसांत दोन पाळ्या चुकल्या की वरच्या कळ्या आतच वाळतात आणि नंतर कितीही पाणी ओता, त्या परत येत नाहीत. टँकरवर भागवणाऱ्या घरांना मी म्हणते, ६० कंद लावू नका, २० लावा. पण पोटरीतलं पाणी तोडू नका.

दांडा पानांवर वीतभर आला की आधार द्या. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, यासाठी उत्तम, हलक्या आणि फुकटच्या. प्रत्येक दांड्याला एक रोवण्यापेक्षा वाफ्याच्या चार कोपऱ्यांत आणि मधे रोवून सुतळी फिरवा. तुराटी कंदाला लागून खोचू नका, कंदाला जखम झाली की कूज आलीच.

शेडनेट लावायची असेल तर पहिल्या कळीला रंग दिसल्यावर, आणि तीही पश्चिमेकडून. त्याआधी सावली केली तर दांडा कमजोर राहतो किंवा येतच नाही. या झाडाला दांडा धरायला भरपूर उजेड लागतो.

फुलकिडे मार्चमध्ये येणारच. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले की समजा. निळे चिकट सापळे वाफ्याच्या उंचीला टांगा, पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारा आणि कळ्या रंग दाखवायच्या आधीच सुरुवात करा. कळीत शिरलेला फुलकिडा फवाऱ्याच्या हाती लागत नाही.

दांडा केव्हा कापायचा

सगळे दांडे झाडावर ठेवू नका. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की पहाटे कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. बाकीच्या कळ्या घरात, सावलीत उमलतात, बाहेरच्यापेक्षा दोन-तीन दिवस जास्त टिकतात. दांडा आडवा ठेवू नका, टोक काही तासांत वर वळतं आणि दांडा कायमचा वाकडा होतो. रोज पाणी बदला, बुडाशी थोडं तिरकं कापा. मराठवाड्यात भूजलात फ्लोराइड असलेली गावं आहेत आणि ग्लॅडिओलसला ते सोसत नाही, पाकळ्यांच्या कडा करपतात. तुमच्याकडे तसं पाणी असेल तर फुलदाणीला आरओ फिल्टरचं वापरा.

हे कापण्याचं तंत्र गारपिटीच्या दिवसांतही कामाला येतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही, आणि त्यानंतरही मार्चमध्ये आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. इशारा आला की रंग दाखवणारे सगळे दांडे कापून बादलीत उभे करा.

कापताना चार-पाच पानं झाडावर राहू द्या. पुढच्या वर्षीचा कंद त्याच पानांवर पोसला जातो. तुम्ही लावलेला कंद सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा बसतो, आजूबाजूला हरभऱ्याएवढी पिल्लंही. पिल्लांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात. जागा आणि धीर असेल तरच ठेवा.

फुलं संपल्यावर पाणी हळूहळू कमी करा. दीड-दोन महिन्यांत पानं पिवळी पडली की कंद खणून काढा. ही वेळ मेमध्ये येते, तेव्हा काढलेला कंद उन्हात पाच मिनिटंही ठेवू नका. सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन आठवडे सुकवून खालचा जुना, वाळका कंद हातानं मोडून टाका. मग कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून घरातल्या सर्वांत थंड खोलीत टांगा, पत्र्याच्या खोलीत नको. थोडेच कंद असतील तर कागदी पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चालतात, फळांपासून लांब. प्रत्येक पिशवीत जातीचं नाव, रंग आणि तुमच्या अंगणात तिला प्रत्यक्ष किती दिवस लागले तो आकडा चिठ्ठीवर लिहून टाका. पेननं नको, पावसाळ्यात शाई फुटते. पेन्सिलनं लिहा.